केतुब्यातले 'दोनशे झूझ' म्हणजे नेमके किती?

माझगावची_नात
आजीच्या पेटीत तिचा केतुबा, म्हणजे ज्यू लग्नाचा करार, सापडला. लग्न 'जुन्या मशिदीत', म्हणजे सॅम्युएल स्ट्रीटच्या शार हरहमीम या आपल्या ज्यू प्रार्थनागृहात लागलं होतं. हिब्रू अक्षरं मला जुळवून वाचता येतात, पण मजकूर अरामी, अर्थ लागत नाही. 'झूझे मातान' असं लिहिलंय. मावशी म्हणते, दोनशे जुनी नाणी. झूझ चांदीचं की तांब्याचं? आणि शेकेल या दुसऱ्या जुन्या नाण्याशी त्याचं नातं काय?

नाद_नाण्यांचा (दादर)
चांदीचं. देनारिअस या रोमन चांदीच्या नाण्याच्या तोडीचं, साधारण साडेतीन ग्रॅम. दोनशेचे झाले ७०० ग्रॅम. झवेरी बाजारातला आजचा भाव लावा.

थळकर_आग्रीपाडा
दादा, वजन बरोबर आहे, पण भाव असा लावू नका. ताईंच्या आजीच्या हक्काची रक्कम आहे ती.

मिश्ना या आपल्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात पेआ नावाचा भाग आहे, त्यात गरिबांचा शेतावरचा हक्क सांगितलाय: कापताना गळालेला सरवा, शेतात विसरलेली पेंढी, मुद्दाम न कापलेला कोपरा. हे कोणी घ्यायचं नाही? ज्याच्याकडे दोनशे झूझ आहेत त्याने. भाष्यकार कारण देतात की एवढ्यात माणसाचं वर्षभराचं अन्नवस्त्र भागतं. तोच आकडा केतुब्यात आहे. नवऱ्याने सोडलं किंवा तो वारला, तरी बाईवर लगेच कोणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये. तालमूद (मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ) आणखी स्पष्ट बोलतं: बायकोला घालवून देणं नवऱ्याला सोपं वाटू नये, म्हणून ही रक्कम. लग्नात केतुबा वाचताना आपली मंडळी जेवणाच्या पानांकडे बघत असतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता नातं. चार झूझ म्हणजे एक सेला, आणि सेला म्हणजे सोर (आजच्या लेबनॉनमधलं टायर) शहराचा चौदा ग्रॅमचा शेकेल. शेकेल आधी वजन होतं, नाणं नंतर. रोमविरुद्धच्या पहिल्या बंडात (इ.स. ६६ ते ७०) पाडलेल्या नाण्यांवर 'शेकेल यिस्राएल' अशी अक्षरंच आहेत. झूझवर मात्र 'झूझ' कुठेच लिहिलेलं नसतं. रोमविरुद्धच नंतर झालेल्या बार कोखबाच्या बंडात (१३२ ते १३५) लोकांनी रोमन नाणीच ऐरणीवर घेऊन त्यांवर आपला ठसा मारला: द्राक्षाचा घड, तंतुवाद्य, तुताऱ्या, 'शिमोन' हे बार कोखबाचं नाव. काहींवर खालच्या बादशहाच्या चेहऱ्याची रेघ अजून दिसते.

नाद_नाण्यांचा (दादर)
पेआचं माहीत नव्हतं, आभार. ताई, फोर्टच्या फुटपाथवर कोणी 'बायबलमधलं नाणं' म्हणून दाखवलं तर घेऊ नका. कडेला साच्याची शिवण दिसली की ते ओतीव. खरं झूझ ठोकून पाडलेलं असतं.

माझगावची_नात
काका, मनापासून आभार. त्याच पेटीत आजीच्या धाकट्या बहिणीचाही केतुबा आहे. तिथे 'मातान' नाही, 'मेआ' आहे. लिहिणाऱ्याची चूक?

थळकर_आग्रीपाडा
चूक नाही. 'मेआ' म्हणजे शंभर. विधवेच्या पुनर्विवाहात शंभर झूझ लिहितात, त्यालाच मिश्ना 'माने' म्हणते. वधूच्या नावापाशी 'अर्मल्ता' शब्द आहे का बघा. असेल, तर त्यांचं हे दुसरं लग्न.