पंजाबचं बी आपल्या रानात: मी हात पोळून घेतले, तुमचं काय मत?

सिन्नरचा_रब्बीवाला
मेव्हणा लष्करात, पठाणकोटला असतो. गेल्या दिवाळीत सुट्टीवर येताना एचडी 2967 या गव्हाच्या वाणाचं 40 किलो बी घेऊन आला. "दाजी, तिकडं एकरी 20 क्विंटलच्या खाली कोणी बोलत नाही." मका निघायला उशीर झाला म्हणून 28 नोव्हेंबरला एका एकरात ते पेरलं, आणि बांधापलीकडं त्याच दिवशी आपल्या निफाडचा गव्हाचा वाण, त्र्यंबक. खत, पाण्याच्या पाळ्या, सगळं सारखं.

जानेवारीत पाहणारा फसलाच असता. पंजाबवाला गर्द हिरवा, फुटवे भरपूर, गल्लीतले चौघे बी मागून गेले. पण त्र्यंबक निसवला, ओंब्या बाहेर आल्या, तेव्हा याची ओंबी अजून पोटरीत, म्हणजे पानाच्या आतच. चांगला दोन आठवडे मागं. मार्चात दुपारचा पारा 36 वर गेला तेव्हा याचा दाणा नुकता चिकात, म्हणजे दुधाळ, कोवळा. ओंबी लांबलचक, कुसळं ऐटदार, आणि तळहातावर चोळून फुंकर मारली की निम्मे दाणे भुशाबरोबर उडायचे. सोनाराच्या काट्यावर शंभर-शंभर दाणे तोलले: त्र्यंबक 4.1 ग्रॅम, हा 2.9. उतारा पंधरा क्विंटलच्या जागी साडेनऊ.

माझं मत सरळ आहे. ज्या हवेसाठी वाण निघाला तिथंच तो पेरावा. पाहुण्याचं बी पाहुण्याकडंच बरं.

नर्मदेकाठचा
दादा, हे पटलं नाही. तुमच्या तालुक्यात वर्षानुवर्षं पेरला गेलेला लोक 1 गहू कुठला? भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेचा. सीहोरचा शरबती म्हणून लोक जादा पैसे मोजतात, तो बहुतेक सी 306 वाण. तो निघाला हिसारला, पण नाव काढलं माळव्याच्या काळ्या मातीत, कमी पाण्यावर. मेक्सिकोचा गहू तर 1966 मध्ये 18 हजार टन आणला आपण. प्रत्येकानं पाहुण्याचं बी परत पाठवलं असतं तर हरितक्रांती कुठून आली असती?

परभणीची_कृषीकन्या
मेक्सिकोचं उदाहरण उलट काकांच्याच बाजूनं जातं. तिथं गव्हाचे नवे वाण काढणाऱ्या बोरलॉग यांनी एकच पैदास वर्षातून दोनदा घेतली, एकदा सोनोराच्या उष्ण सपाटीवर आणि एकदा तोलुकाच्या थंड डोंगरावर. दोन्हीकडं टिकलं तेवढंच ठेवलं. दिवस लहान की मोठा याची पर्वा न करणारा गहू त्यातून निवडला गेला, म्हणून तो इथं चालला. युरोपातला हिवाळी गहू पेरून बघा, पुरेशी थंडी मिळाली नाही तर होळीपर्यंत गवतच राहील.

एचडी 2967 ची गोष्ट साधी आहे. पंजाबात त्याला पक्व व्हायला 140 च्या वर दिवस मिळतात, आपल्याकडं हिवाळा 110-115 दिवसांत उरकतो. ऊब लागली की प्रत्येक अवस्था पळते, दाणा भरायचा काळ आखडतो. आणि तांबेरा रोग कोणी धरतच नाही हिशेबात! उत्तरेत वाण पारखतात मुख्यतः पिवळ्या तांबेऱ्यासाठी, तो थंडीतला. आपल्याकडं निलगिरीकडून येतात ते काळा आणि नारिंगी. म्हणून शिफारशीत विभाग लिहिलेला असतो. पिशवी फोडण्याआधी तेवढं वाचावं.

नर्मदेकाठचा
ताई, शिफारशी बदलतात ना पण. करण वंदना हा गव्हाचा वाण आधी पूर्वेकडच्या मैदानासाठी आला, मग पंजाब-हरियाणासाठीही मंजूर झाला. कोणीतरी विभागाबाहेर पेरून पाहिल्याशिवाय हे झालं का?

परभणीची_कृषीकन्या
झालं, पण चाचणीच्या प्लॉटवर. मेव्हण्याच्या ट्रंकेतून नाही.

बार्शीचा_बागायतदार
मला वाटतं दोघंही मूळ चूक सोडून भांडताय. 28 नोव्हेंबर! दादा, एचडी 2967 काय अन् त्र्यंबक काय, दोन्ही वेळेवर पेरायचे वाण. आपल्याकडं वेळेवर म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. तुमचा त्र्यंबकही पुरा पिकला नसणार, लवकर येणारा म्हणून वाचला एवढंच. मीही उत्तरेकडचं बी केलंय, पाच नोव्हेंबरला पेरलं होतं, बरं आलं. हवेला शिव्या द्यायच्या आधी कॅलेंडर बघा.

सिन्नरचा_रब्बीवाला
बरं म्हणजे किती? बांधाशेजारी आपलं बी होतं का तोलायला?

बार्शीचा_बागायतदार
नव्हतं. तेवढं कबूल.

करंजखोपचा_जावई
आमच्या सासुरवाडीला, सातारा जिल्ह्यात, आघारकर संस्थेचा एमएसीएस 6478 गहू चालतो. 110 दिवसांत मोकळा, पोळीही मऊ. पुण्यात पैदास झालेलं बी हाताशी असताना लुधियानाकडं माना का वळतात, कळत नाही. मोठा आकडा ऐकला की आपल्याला घरचं बारीक दिसायला लागतं.

नर्मदेकाठचा
एक सांगतो, मग गप्प बसतो. 2022 च्या मार्चात पंजाबातच तुमच्या सिन्नरसारखी हवा पडली. दाणा तिथंही चिमला, इतका की सरकारी खरेदीत चिमलेल्या दाण्यांची मर्यादा 6 वरून 18 टक्के करावी लागली. 13 मे ला निर्यात बंद झाली. म्हणजे बी जागेवर राहिलं तरी हवा जागेवर राहत नाही. उद्या पंजाबवालेच लवकर येणारं, ऊन सोसणारं बी दक्षिणेत शोधतील. तेव्हा त्यांना सांगणार का, पाहुण्याचं बी नको?

परभणीची_कृषीकन्या
हा मुद्दा खरा आहे. फक्त तेही चाचणीतून जाऊ दे.

सिन्नरचा_रब्बीवाला
चला, एवढं करतो. यंदा मका लवकर काढून पाच गुंठे पंजाबवाला आणि शेजारी पाच गुंठे त्र्यंबक, दोन्ही पाच नोव्हेंबरला. काटा तोच, सोनारही तोच. बार्शीकर, उतारा बरा आला तर मी इथं लिहीन. नाही आला तर चिमलेल्या गव्हाचं पीठ तुमच्याकडं पाठवणार. बायको त्याच्या पोळ्या लाटायला तयार नाही.