कुलाबा वेधशाळेवर गोषवारा: सुटा निबंध की परिसंवाद?

चुंबकसुई: विज्ञान-इतिहासाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदींवर प्रस्ताव, म्हणजे गोषवारा, पाठवायचाय. मर्यादा २५० शब्द. सुटा निबंध द्यावा की परिसंवादात (एकाच विषयावर कुणी आधीच जुळवलेल्या निबंधांच्या सत्रात) शिरावं?

दप्तरदार: परिसंवादच बघा. सुटे निबंध उरल्यासुरल्या सत्रांत कोंबले जातात. कुलाब्यावरच्या निबंधाशेजारी कीटकशास्त्रावरचा येतो. मात्र परिसंवादांची मुदत बहुधा आधी संपते, तेव्हा संयोजकाला आत्ताच मेल टाका.

शाईदौत: 'वेधशाळेचा इतिहास' एवढ्यावर निवड होत नाही. विजेच्या ट्रामने नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय काम अलिबागला नेलं, तिथून सुरुवात करा. दोन वाक्यांत प्रश्न, मग कोणती दप्तरं पाहिलीत, शेवटी दावा. 'आढावा घेतला जाईल' हे आधी खोडा.

दप्तरदार: आणि फॉर्मात पेस्ट केल्यावर तळटीपा गळतात. एकदा तपासा.