परदेशात प्रीपेड सिम: कॉल लागतो, नेट नाही

प्रश्न: नव्या सिमवर सिग्नल पूर्ण, पण नेट शून्य. बँकेच्या ओटीपीसाठी मायदेशचं सिमही चालू हवंय. काय तपासू?

उत्तर १: बहुधा एपीएन, म्हणजे फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारं नाव, चुकलंय. मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये कंपनीने दिलेलं नाव जसंच्या तसं भरा, फोन रीस्टार्ट करा. आयफोनवर जुन्या कंपनीचं प्रोफाइल (साठवलेली नेटवर्क सेटिंग) राहिलं असेल तर आधी ते काढा, तेच आड येतं.

उत्तर २: डेटासाठी नवं सिम निवडा, जुन्याचं डेटा रोमिंग बंद. आपोआप डेटा बदलण्याचा पर्यायही बंदच ठेवा. नाहीतर सिग्नल पडला की फोन गुपचूप जुन्या सिमवर जातो आणि बिल फुगतं. ओटीपीला डेटा लागत नाही, पण त्या सिमवर रोमिंग सेवा सुरू हवी.

उत्तर ३: प्रवासी ई-सिमचं (फोनमध्येच डाउनलोड होणाऱ्या सिमचं) मात्र उलटं! ते बहुतेक वेळा रोमिंगवरच चालतं, म्हणून त्याचं डेटा रोमिंग चालू करा. हे ई-सिम फोनमधून डिलीट करू नका, ते बसवायचा क्यूआर कोड सहसा एकदाच चालतो.