मदत हवी आहे: आजारी पडलेल्या मुलांच्याच मलेरिया अँटिबॉडी जास्त?

लॅबउंदीर: मंडळी, डोकं चालेनासं झालंय. केनियाच्या किनाऱ्यावरच्या मुलांचं सीरम आहे, एमएसपी-१ आणि एएमए-१ या मलेरिया परजीवीच्या प्रोटीनविरुद्धच्या अँटिबॉडी मोजायला एलायझा चाचणी केली. पुढच्या सहा महिन्यांत ज्यांना मलेरिया झाला त्यांचीच ओडी (रंगाची तीव्रता, म्हणजे अँटिबॉडी) जास्त! प्रोटीन खराब असेल का? शुक्रवारी गाईडला दाखवायचंय.

जुनाजाणता: वयं? प्रोटीनला जोडलेला टॅग कुठला? निगेटिव्ह कंट्रोल?

लॅबउंदीर: १ ते १० वर्षं. टॅग जीएसटी प्रोटीनचा. युरोपातले रक्तदाते, नेहमीचेच.

जुनाजाणता: नुसत्या जीएसटीच्या वेल (प्लेटमधले खळगे) लावल्यात का? ती ओडी वजा केल्याशिवाय पुढचं बोलूच नका.

कोकणी_काका: पपईच्या पानांचा रस द्या. आमच्याकडे हमखास.

प्रतिपिंड: काका, तो डेंग्यूवर सांगतात, आणि इथे रुग्ण कोणी नाही.
धागाकर्ते, टोटल आयजीजी (रक्तातल्या मुख्य अँटिबॉडी) मोजून काय मिळणार? आयजीजी१ आणि आयजीजी३ हे त्याचे सबक्लास (उपप्रकार) वेगळे मोजा, पांढऱ्या पेशींना कामाला लावतात ते हेच. १९६१ साली गाम्बियात कोहेन, मॅकग्रेगर वगैरेंनी इम्यून प्रौढांचं आयजीजी आजारी मुलांना टोचलं आणि रक्तातले परजीवी झपाट्याने उतरले.

जुनाजाणता: ते आयजीजी कुठल्या प्रोटीनविरुद्धचं, हे त्यातून कुठे कळलं? शिवाय आयजीजी३ आठवडाभरात निम्मं होतं. सबक्लासचं तुणतुणं नंतर, आधी जीएसटी.

आकडेमोडे: रक्त घेतलं त्या दिवशी परजीवी बघायची स्लाइड निगेटिव्ह होती ना सगळ्यांची?

लॅबउंदीर: काहींची पॉझिटिव्ह. ताप नव्हता, म्हणून लिहिलं नाही.

आकडेमोडे: अहो, तिथेच तर आहे सगळं! तुमच्या 'निरोगी' मुलांत दोन प्रकार आहेत. काहींना संसर्ग होऊनही ताप आला नाही, आणि काहींना बाधित डास चावलाच नाही. दुसऱ्यांकडे अँटिबॉडी येणार कुठून? तुमची एलायझा संरक्षण नाही, डासांचा उपद्रव मोजतेय. ज्यांच्यात परजीवी एकदाही सापडला नाही ती मुलं बाजूला काढा, वय मॉडेलमध्ये घाला, मग बघा. परजीवीचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी आहे का?

दादरकर: मला एकाच वर्षात तीनदा झाला. मी अजून इम्यून कसा नाही?

प्रतिपिंड: मुंबईत बहुतेक व्हायवॅक्स जातीचा परजीवी. तो यकृतात दबा धरून बसतो. त्यावरच्या प्रायमाक्विन गोळ्यांचे १४ दिवस पुरे केलेत का?

दादरकर: ताप गेला की गोळ्या कोण खातं!

लॅबउंदीर: पीसीआर दुसऱ्या टीमकडे आहे, मेल टाकलाय. आणि जीएसटी वजा केलेलंच आहे.

जुनाजाणता: मग मघाशी विचारलं तेव्हा काय झालं होतं?