पेटंट आणि ट्रेडमार्क वेगळ्या कंपनीच्या नावावर ठेवल्याने संरक्षण मिळते का?

प्रश्न :
आम्ही दोघे भागीदार एकाच कंपनीतून सॉफ्टवेअर विकतो. उद्या एखाद्या ग्राहकाने नुकसानभरपाईचा दावा जिंकला, तर सोर्स कोड, पेटंट आणि ट्रेडमार्क यांच्यावरही जप्ती येईल, या भीतीने हे सारे एका होल्डिंग कंपनीच्या (फक्त मालमत्ता बाळगणाऱ्या वेगळ्या कंपनीच्या) नावावर करून प्रत्यक्ष विक्री करणाऱ्या चालत्या कंपनीने तिच्याकडून परवाना घ्यावा, असा विचार आहे. तो कितपत योग्य आहे?

उत्तर १ :
विचार योग्य आहे, मात्र दावा दारात येण्यापूर्वी तो अमलात आणावा. नंतर केलेले हस्तांतरण धनकोंना चुकवण्यासाठी केले असे मानून न्यायालय ते रद्द करू शकते. त्याआधी मालकी खरोखर आपल्या कंपनीचीच आहे का, हे तपासावे. बाहेरच्या प्रोग्रॅमरचे बिल चुकते केले म्हणून कॉपीराइट आपोआप आपल्याकडे येतो, असे बहुतेक ठिकाणी नाही. त्यासाठी त्याच्या सहीचा हस्तांतरण लेख लागतो. मी पाहिलेल्या एका विक्रीत खरेदीदाराच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी हा कागद मागितला, तो नव्हता, आणि काम सोडून गेलेल्या बाहेरच्या प्रोग्रॅमरची सही मिळेपर्यंत सौदा अडून राहिला.

उत्तर २ :
परवाना करार तारीख घालून फायलीत ठेवण्यापुरता नसावा. ट्रेडमार्कचा परवाना देणाऱ्याने मालाच्या दर्जावर प्रत्यक्ष देखरेख ठेवली नाही, तर काही देशांत ते चिन्हच धोक्यात येते. रॉयल्टीचा, म्हणजे परवान्यापोटी द्यायच्या रकमेचा, दर दोन परक्या कंपन्यांमध्ये ठरला असता तसाच असावा. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या २०१५ च्या अहवालांनंतर तर, केवळ कायदेशीर मालकी आहे म्हणून सगळा नफा होल्डिंग कंपनीकडे वळवणे करखात्यापुढे टिकणे अवघड झाले आहे; विकास, देखभाल आणि संरक्षणाचे काम कोण करते, खर्च व जोखीम कोण उचलते, हे पाहिले जाते. आणखी एक खाचखळगा असा की, पेटंटचे उल्लंघन झाल्यास स्वतः काहीही न विकणाऱ्या होल्डिंग कंपनीला बुडालेल्या नफ्याची भरपाई मागणे कठीण जाते. म्हणून चालत्या कंपनीला अनन्य परवाना (दुसऱ्या कोणालाही न दिलेला) द्यावा आणि दावा कोणी लावायचा ते करारातच लिहावे.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. कर्ज देणारी बँक होल्डिंग कंपनीचीही हमी मागते आहे. ती द्यावी का?

उत्तर १ :
दिलीत, तर निदान त्या बँकेपुरती ही भिंत आपण स्वतःच पाडलीत असे होईल. हमीची रक्कम मर्यादित करून घेण्याचा आणि पेटंट व ट्रेडमार्क तिच्यातून वगळण्याचा आग्रह धरावा; बँक अडून बसली, तर निदान सोर्स कोड तरी वगळून घ्यावा.