बॉक्सिंग डे म्हणजे त्यांची 'पोस्त'

कुणीतरी विचारलंय, २६ डिसेंबरच्या बॉक्सिंग डेचा मुष्टियुद्धाशी काय संबंध? काहीच नाही. तो बॉक्स म्हणजे पेटी. इंग्लंडात नाताळाच्या दुसऱ्या दिवशी नोकरचाकर, दुकानातली पोरं, टपालवाले यांना 'ख्रिसमस बॉक्स' म्हणजे बक्षिसी मिळायची. १८७१ च्या कायद्यानं तो दिवस तिथं बँकांच्या सुट्टीचा झाला.

मला तर ही सरळ आपली दिवाळीची पोस्तच वाटते. कोल्हापुरात आमची आजी पाडव्याला दूधवाल्याला रिकाम्या हातानं कधी जाऊ द्यायची नाही. पेपरच्या कागदात चिवडा, दोन करंज्या, वर सुतळीची गाठ आणि गाठीत खोचलेली नोट. तो पुडा आधी कपाळाला लावायचा, मग सायकलच्या पिशवीत ठेवायचा. हा मान फार मोलाचा होता. आता पैसे मोबाईलवर जातात, पुडा राहूनच जातो.

आणखी एक गंमत. डिसेंबर बारावा, पण नावात लॅटिन 'डेसेम', म्हणजे दहा! जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर मोठ्यानं म्हणा आणि पाठोपाठ सप्त, अष्ट, नव, दश म्हणा. नातं लगेच कानाला कळतं.