आसनगावचा २४ लाखांचा फ्लॅट स्वस्त म्हणायचा का?

भांडुपकर८९

नमस्कार मंडळी. बायकोची ठाणे जिल्हा परिषदेत शिक्षणसेवक म्हणून निवड झाली. शाळा शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे. मी परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. सध्या भांडुपला चाळीत १३ हजार भाडं भरतोय. शहापूरजवळच्या आसनगाव स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर एक वन बीएचके बघितला. २४ लाख सांगतायत, ओसी (राहायला परवानगीचा दाखला) आहे, ताबा लगेच. चार लाख साठलेत, २० लाखांचं कर्ज काढावं लागेल. माझे हातात ३८ हजार येतात, तिचं मानधन १६ हजार. घरात दोघंच.

लॅबमध्ये ज्याला सांगावं तो म्हणतो, "चोवीस लाखांत भांडुपला मोरीसुद्धा येणार नाही, डोळे झाकून घे." भांडुपपेक्षा स्वस्त आहे हे मलाही कळतं. पण तेवढ्यावर ते मला परवडतं असं कसं म्हणू? तालुक्याच्या ठिकाणी घर परवडतंय की नाही, हे ठरवायचा काही हिशेब असतो का? एजंट सोडून कुणीही सांगा.

समृद्धीफॅन

घे रे भावा, विचार कसला करतोस. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, शहापूरला उतरायची सोय आहे. दोन वर्षांनी याच फ्लॅटचा भाव विचारायची हिंमत होणार नाही तुझी.

गिरगावची काकू

समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. किन्हवलीला स्कूटीवरून जाणाऱ्या मुलीला त्या रस्त्याचा उपयोग काय, ते फॅनसाहेबांनी जरा समजावून सांगावं.

माझी नोकरी सहकारी बँकेत गेली, शेवटची वर्षं कर्ज विभागात. बदलापूर, नेरळ, आसनगावच्या फायली ढिगाने बघितल्या. म्हणून पहिली गोष्ट सांगते: बँक 'हो' म्हणाली म्हणजे परवडलं असं समजू नका. हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत आम्ही हप्ते चालवून घ्यायचो. बँकेचा पैसा बुडू नये एवढीच काळजी त्यात असते. महिनाअखेरीला तुमच्या डब्यात डाळ आहे का, हे कुणी विचारत नाही.

दुसरा आकडा लोक फेकतात तो ३० टक्क्यांचा. तो अमेरिकेतला. तिकडे १९६९ मध्ये कायदा झाला की सरकारी घरातल्या भाडेकरूकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून जास्त भाडं घ्यायचं नाही. १९८१ मध्ये त्याचे ३० केले. गरीब भाडेकरूंसाठी केलेला नियम, पुढे जो तो आपल्या घराला लावायला लागला. गावाकडे तो फसतो, कारण तिथे घर स्वस्त असतं आणि जाण्यायेण्यात पैसे जातात. शिकागोत एक संस्था आहे, ती घर आणि प्रवास एकत्र धरते आणि दोन्ही मिळून ४५ टक्क्यांची मर्यादा घालते. मला हा हिशेब जास्त पटतो.

तुमचं मांडून बघू. २० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता १७,३५६. सोसायटीचा मेंटेनन्स दीड हजार धरा. आसनगाव ते किन्हवलीच्या पुढे जाऊन-येऊन स्कूटीला रोज लिटरभर पेट्रोल जाईल, म्हणजे महिन्याला अडीच हजार. तुमचा पास आणि रिक्षा मिळून दोन हजार. झाले २३,३५६. चोपन्न हजारांतले ४३ टक्के. म्हणाल, बसलं की! पण यात दवाखाना नाही, गावी पाठवायचे पैसे नाहीत, आणि काही कारणाने तिचं मानधन थांबलं तर तुमच्या एकट्याच्या पगारातले ६१ टक्के होतात. तीन वर्षांनी ती कायम झाली की पगार वाढेल, हे खरं. पण पुढे कधीतरी बदल्यांच्या यादीतही नाव लागेल. ठाणे जिल्हा परिषदेत शहापूरशिवाय मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ तालुके येतात. मुरबाडच्या टोकाची शाळा मिळाली तर आसनगावचा फ्लॅट काय कामाचा?

आणखी एक. ते साठवलेले चार लाख मार्जिनमध्येच, म्हणजे किमतीतल्या तुमच्या वाट्यातच, संपतायत. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन बँक कर्जात धरत नाही, ते खिशातून. एकट्या बायकोच्या नावावर घेतलंत तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, विचारून घ्या. शिवाय बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) जाऊन '२१ लाख' लिहून आला तर कर्ज २१ च्या हिशेबाने मिळणार, बिल्डरच्या २४ च्या नाही. शहराबाहेरच्या फायलींत हे हमखास व्हायचं. तेव्हा माणसं धावतपळत सोनं घेऊन यायची.

आता मला दोन गोष्टी सांगा. त्याच बिल्डिंगमध्ये भाडं किती आहे? आणि मधल्या वारी रात्री नऊला खाली उभं राहून किती घरांत दिवे आहेत ते मोजलंत का? शनिवार-रविवारी नको. तेव्हा मुंबईचे मालक हवा खायला आलेले असतात.

खर्डीवाला

मी इथलाच. काकू बरोबर बोलतायत, पण एक बाजू राहिली. तुम्हाला स्वस्त वाटतं ते आम्हाला नाही. माझा भाऊ भिवंडीच्या गोदामात १४ हजारांवर आहे. २४ लाख म्हणजे त्याचा १४ वर्षांचा अख्खा पगार, एक रुपया न खाता. तुमचं दोघांचं धरलं तर चार वर्षांत उरकतं. फ्लॅट तोच. भाव ठरतो तो डोंबिवली-भांडुपवाल्यांच्या पगारावर. इथल्या माणसाला घर म्हणजे गावठाणातलं वडिलोपार्जित, नाहीतर सरकारी योजनेतलं घरकुल. घरकुलाला सरकारकडून थोडं अनुदान मिळतं, बाकीचं ज्याने त्याने उभं करायचं.

हे तुम्हाला का सांगतोय? उद्या विकायची वेळ आली तर घेणारा इथला नसणार. पुन्हा मुंबईचाच कुणीतरी शोधावा लागेल, आणि त्याला बिल्डर शेजारच्या नव्या बिल्डिंगमध्ये मॉड्युलर किचन फुकट देत असेल.

पाण्याचं विचारलंत का? भातसा, तानसा आमच्याच तालुक्यात. तुम्ही भांडुपला जे पिताय ते इथूनच येतं. आणि एप्रिल उजाडला की आमच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा. सोसायटीकडे मागच्या मे महिन्याचं टँकरचं बिल मागा. तोंडी सांगितलेलं ऐकू नका, कागद बघा.

भांडुपकर८९

काकू, खर्डीवाले, खूप आभार. बुधवारी रात्री दोघं गेलो होतो. ३२ फ्लॅट, दिवे ११ घरांत. वॉचमन म्हणाला, बरेच मालक दिवाळीलाच येतात. तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट भाड्याने आहे. ४,५०० भाडं, २० हजार डिपॉझिट. टँकरचं बिल मागितलं तर सेक्रेटरी म्हणाले, "तसा प्रॉब्लेम नाही, थोडंफार होतं." कागद नाही दिला.

एजंटचा दिवसाआड फोन येतोय. म्हणतो, भाडं म्हणजे पाण्यात पैसे.

गिरगावची काकू

भाडं पाण्यात, तर व्याज कुठे? २० लाखांवर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच १४,१६७ होतं. मुद्दल फिटतं तीन हजार एकशे नव्वदच्या आसपास. त्याच बिल्डिंगमध्ये ४,५०० देऊन राहता येत असेल तर घरमालक तुमच्यावर उपकार करतोय, आणि त्याला ते माहीतच नाही.

सरळ भाड्याने घ्या. भांडुपचे १३ हजार सुटले, इथले ४,५०० गेले. उरलेले साडेआठ हजार दर महिन्याला आरडीत टाका. बायकोची शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपेपर्यंत व्याज सोडून तीन लाखांवर जातील. तोवर एक उन्हाळा काढून पाणी कळेल, पावसाळ्यात टिटवाळ्याच्या पुढे लोकल किती वेळा अडकते तेही कळेल. ३२ पैकी ११ दिवे हा मला चांगला आकडा वाटत नाही. बंद फ्लॅटवाले मेंटेनन्स थकवतात, आणि पंपाचं नि टँकरचं बिल राहणाऱ्यांच्या गळ्यात येतं. कायम झाल्यावरही तिथेच राहायचं ठरलं तर घ्या. तेव्हा दहा-वीस टक्के भाव वाढलेला असेलही. मी तरी त्या भीतीने घेणार नाही. आणि ११ महिन्यांचा असला तरी भाडेकरार रजिस्टर करा, कायद्याने तो करावाच लागतो.

समृद्धीफॅन

काकू, तुम्ही लोकांना श्रीमंत होऊ देणार नाही. 😄

गिरगावची काकू

होऊ देत की. पण स्वतःच्या पैशाने, आमच्या बँकेच्या नको.

खर्डीवाला

भाड्यानेच घ्यायचं तर किन्हवलीत खोली बघा की. बाजारपेठ आहे, एसटी आहे, वहिनींना शाळा जवळ पडेल. आणि गुरुजी-बाई मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहत नाहीत म्हणून ग्रामसभेत दरवर्षी बोंब होते, तीही टळेल.

भांडुपकर८९

बायकोने हे वाचलं आणि लगेच म्हणाली, किन्हवलीच बघू. मला सकाळी आठला लॅबचा शटर उघडायचा असतो. किन्हवलीहून पहिली एसटी कितीची आहे, आणि त्या एसटीला आसनगावची कुठली लोकल मिळते, कुणाला माहीत आहे का?